मनोरुग्णालयाच्या फाटकाबाहेरचे उपचार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांत गंभीर मानसिक आजाराविषयी मजकूर येतो तो साधारणपणे दोनच निमित्तांनी. कुणा मनोरुग्णाच्या हातून काही भयंकर घडले म्हणजे, नाहीतर १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो म्हणून. पहिल्या बातमीत भीती असते, दुसऱ्या लेखात उपदेश असतो. उरलेले वर्षभर हा आजार घेऊन जगणारी माणसे कुठे काम करतात, औषध कुठून आणतात आणि पुन्हा आजारी पडली तर कशामुळे पडतात, याविषयी सहसा छापून येत नाही. मी स्वतः स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असून गेली अनेक वर्षे इतवारीतील एका ठोक किराणा व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहितो, म्हणून या मधल्या दिवसांविषयी लिहिण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे मी समजतो. पत्र लांबणार आहे. काटछाट करावी लागली तर माझ्याविषयीचा भाग कापावा, औषधांविषयीचा ठेवावा, ही विनंती.

नागपुरात मानसिक आजार म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे छिंदवाडा मार्गावरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि त्याची लांबलचक भिंत येते. १८६४ पासूनची ही संस्था आहे आणि तिथे ९४० खाटा आहेत. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातूनही तिथे रुग्ण येतात. आता दुसरी बाजू पाहा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, तिच्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखे गंभीर आजार पाहणीच्या वेळी असलेल्या प्रौढांचे प्रमाण ०.८ टक्के निघाले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपले शेजारी मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख होती. तिच्यातल्या प्रौढांना हेच प्रमाण लावले, तर एकट्या शहरात असे दहा हजारांहून अधिक लोक असणार. भिंतीआड हजारसुद्धा नाहीत आणि तिथे आहेत तेही सगळे नागपूरचे नाहीत. बाकीचे सगळे महाल, नंदनवन, जरीपटका, पाचपावली अशा वस्त्यांत आपापल्या घरी राहतात. त्यांचे बरे होणे किंवा न होणे हे प्रामुख्याने भिंतीबाहेर ठरते, आणि भिंतीबाहेरच्या व्यवस्थेकडे आपल्या प्रशासनाचे, मालकवर्गाचे आणि वर्तमानपत्रांचे लक्ष नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

हे केवळ माझे मत नाही. अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यात १९५० च्या दशकात, ज्यांच्याविषयी डॉक्टरांनीही आशा सोडली होती अशा जुन्या रुग्णांना राज्य मनोरुग्णालयातून बाहेर आणताना राहण्याची सोय, काम आणि पाठपुरावा यांची जोड दिली गेली. कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच लोकांना अनेक वर्षांनी गाठून १९८७ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार त्यांपैकी निम्मे ते दोन तृतीयांश लोक पूर्णपणे बरे झाले होते किंवा त्यांच्यात ठळक सुधारणा होती. पुढे त्याच भागातल्या मेन राज्यातल्या तशाच रुग्णांशी तुलना केली गेली. मेनमध्ये असा पुनर्वसनाचा कार्यक्रम नव्हता आणि तिथले रुग्ण काम, लक्षणे आणि समाजात वावरणे या सर्वच बाबतींत मागे पडलेले आढळले. आजार तोच होता. फाटकाबाहेर पडल्यावर काय मिळाले, एवढाच मुख्य फरक होता.

या बाहेरच्या व्यवस्थेत सर्वांत आधी औषध येते. गोळ्यांशिवाय बरे होण्याचे सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. माझा प्रश्न गोळी घ्यावी की नाही हा नसून ती मिळते की नाही हा आहे. मी क्लोझापिन घेतो. हे औषध साधारणपणे दोन निरनिराळ्या औषधांनी गुण आला नाही म्हणजे दिले जाते. क्वचित त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला आणि पुढे महिन्याला रक्त तपासावे लागते. याचे आणखी एक वैशिष्ट्य घरच्यांना आणि औषध खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असायला हवे. या औषधात ४८ तासांहून अधिक खंड पडला, तर पूर्वीची मात्रा तशीच पुन्हा घेता येत नाही. रक्तदाब एकदम उतरण्याचा, झटके येण्याचा धोका असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा पायरीपायरीने वर चढावे लागते, आणि नेहमीच्या मात्रेवर येईपर्यंत माणूस अर्धवट संरक्षणावर असतो.

आता एका शासकीय रुग्णालयाच्या औषध खिडकीवर ‘साठा संपला, पुढच्या सोमवारी या’ असे उत्तर मिळते तेव्हा त्याचा अर्थ काय होतो ते पाहावे. सर्दीच्या गोळीसाठी या उत्तराने फारसे बिघडत नाही. क्लोझापिनसाठी याचा अर्थ कित्येक आठवड्यांची घसरण असा होतो. मला असे उत्तर मिळाले तेव्हा माझ्या भावाने सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंतची औषधांची दुकाने पालथी घातली आणि रात्री दुकाने बंद होता होता एक पट्टी मिळवली. तो मोटारसायकल असलेला, खिशात पैसे असलेला भाऊ आहे. भामरागडहून किंवा धारणीहून एसटी बदलत आलेल्या, परतीच्या तिकिटापुरतेच पैसे राखून ठेवलेल्या बापाने काय करायचे? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये याचे उत्तर लिहिलेले आहे. त्याच्या कलम १८ नुसार शासनाने अत्यावश्यक औषधांची यादी जाहीर करायची आणि त्या यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीपासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत सर्वकाळ आणि विनामूल्य उपलब्ध ठेवायची आहेत. कायद्यात ‘सर्वकाळ’ म्हटले आहे, आणि सोमवारपर्यंत थांबणे त्यात बसत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी दर महिन्याला कोणत्या रुग्णालयात कोणती मनोविकारावरील औषधे शिल्लक आहेत याचा तक्ता प्रसिद्ध करावा, अशी माझी पहिली मागणी आहे. धरणांतील पाणीसाठा रोज छापला जातो, तर औषधांचा साठा महिन्यातून एकदा छापणे अशक्य नसावे.

औषधाच्या संदर्भात विदर्भापुरती एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडे बिडी आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) दोन्हींचे प्रमाण मोठे आहे. बिडी-सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन अधिक वेगाने निकामी करते आणि रक्तातील औषधाची पातळी खाली येते. हा परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नसतो, त्यामुळे खर्ऱ्याने तो होत नाही. (म्हणून खर्रा बरा असे कुणी समजू नये, तोंडाचा कर्करोग त्याची वाटच पाहत असतो.) होते असे की वॉर्डात धूम्रपान बंद असते, तिथे एखाद्याची मात्रा व्यवस्थित बसते, तो घरी येतो, पानठेल्यावरच्या जुन्या मंडळींत जाऊन बसतो, बिड्या सुरू होतात आणि गोळ्या नियमित घेऊनही महिन्या-दोन महिन्यांत आजाराचे, कानात ऐकू येणारे आवाज परत येतात. घरचे म्हणतात, याने गोळ्या फेकल्या. तो शपथ घेऊन सांगतो की फेकल्या नाहीत आणि तो खरे बोलत असतो. उलट बाजूने, एकाएकी बिडी सोडली तर पातळी धोकादायकरीत्या चढूही शकते, म्हणून बिडी सोडायची तीही डॉक्टरांना सांगून. दोन मिनिटांत सांगता येईल अशी ही माहिती आहे, पण ज्या बाह्यरुग्ण विभागात एकेका डॉक्टरपुढे दुपारपर्यंत रांग संपत नाही, तिथे ती दोन मिनिटे कुणाला मिळत नाहीत.

घराविषयी आता थोडे. आवाज ऐकू येणे, कुणी पाळतीवर आहे असे वाटणे ही लक्षणे औषधाने बहुतेकांची कमी होतात. जे मागे उरते ते लोकांना आजार वाटतच नाही. उठावेसे न वाटणे, अंघोळ टाळणे, बोलणे एक-दोन शब्दांवर येणे, कशातच मन न लागणे हे सगळे आजाराचेच भाग आहेत, पण घरात त्याला आळस म्हणतात. त्यातून सुरू होते ती टोचणी. ज्या घरात रुग्णावर सतत टीका होते किंवा त्याच्याविषयी अतिकाळजी केली जाते, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी सुरू केलेल्या आणि नंतर अनेक देशांत झालेल्या अभ्यासांतून दिसले आहे. ऐंशीच्या दशकात चंदीगडच्या कुटुंबांचा असाच अभ्यास झाला, तेव्हा तिथे टीकेचे प्रमाण लंडनपेक्षा बरेच कमी आढळले. आपल्या एकत्र कुटुंबांना दिलासा देणारी ही गोष्ट आहे, पण तीवर फार विसंबू नये. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहत असली की टीकेला फार दूर जावे लागत नाही.

आमच्या घरी हा प्रश्न वहिनीने सोडवला, आणि तोही कुठलीही पुस्तके न वाचता. मी रुग्णालयातून आल्यावर पुष्कळ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असे. तिने मला ‘उठा, काहीतरी करा’ असे म्हटले नाही. तिने एक काम माझ्या नावावर करून टाकले. महापालिकेचे पाणी संध्याकाळी आले की अंगणातली टाकी भरायची आणि दोन्ही कूलरांत पाणी घालायचे. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी नसले तर रात्री घरातले कुणीच झोपत नाही, त्यामुळे हे काम मन रमवण्यासाठी दिलेले लटके काम नव्हते. एखाद्या दिवशी माझ्याकडून झाले नाही तर ती मुकाट्याने स्वतः भरी, बोलत नसे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यासाठी सोडून देई. उन्हाळा संपेपर्यंत मी पाण्याच्या वेळेला आपोआप उठू लागलो होतो. व्यवसायोपचार म्हणून रुग्णालयांत जे शिकवले जाते, त्याचे सार यात आले असे मला वाटते. मात्र प्रत्येक घरात अशी वहिनी असेल हे गृहीत धरून शासनाने धोरण आखू नये. कुटुंबांना आजाराची माहिती देणारे वर्ग, स्वमदत गट आणि दिवसा जाऊन बसता येईल अशी केंद्रे ही कामे पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, चेन्नईची स्कार्फ अशा संस्थांनी वर्षानुवर्षे करून दाखवली आहेत. उपराजधानी म्हणवणाऱ्या शहराच्या प्रत्येक झोनमध्ये असे एक केंद्र असणे ही काही चैन ठरणार नाही. महापालिकेची समाजभवने दुपारी रिकामीच असतात.

कामाविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण मला औषधाच्या खालोखाल कामाने उभे केले. पेढीवर मला प्रथम हमालीच्या चिठ्ठ्या जुळवायला दिल्या होत्या. किती पोती उतरली, कोणत्या ट्रकची, कोणत्या टोळीने, एवढेच. पुढे रोजमेळ आणि मग खतावणी माझ्याकडे आली. त्या काळात आवाज पूर्ण थांबले नव्हते. रकान्याची बेरीज करताना ते मध्येच बोलत आणि आकडा निसटे. मी आकडे पुटपुटत बेरीज करू लागलो, तेव्हा ते मागे हटत असे ध्यानात आले. नंतर डॉक्टरांनी सांगितले की स्वतःशी मोजणे, गुणगुणणे, मोठ्याने वाचणे या युक्त्या जगभरचे रुग्ण वापरतात. एखाद्या शांत कार्यालयात मी चमत्कारिक ठरलो असतो. इतवारीत एक जण बिल्टीवरचे आकडे मोठ्याने वाचतो आणि दुसरा वहीत टिंबे करत जातो, ही रोजचीच पद्धत आहे. तिथे माझ्या पुटपुटण्याकडे कुणी मान वर करून पाहिले नाही.

पेढीच्या मालकांनी आणखी एक गोष्ट केली. क्लोझापिनची झोप सकाळी उतरत नाही, तोंडाला लाळ सुटते, जीभ जड असते. इतर सगळे दहाला येत, मला त्यांनी साडेअकराची वेळ दिली आणि संध्याकाळी दुकान आवरेपर्यंत थांबायला सांगितले. पगार कापला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ज्याला वाजवी सोय म्हटले आहे ती हीच. त्यांनी तो कायदा वाचलेला नव्हता. त्यांना त्या जागी हिशेबाचा पक्का माणूस हवा होता आणि तो साडेअकराला मिळत होता. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या उद्योजकांनी एवढ्या व्यवहारी दृष्टीने या प्रश्नाकडे पाहिले, तरी पुष्कळ होईल. दयेची अपेक्षा कुणाचीच नाही.

त्याच कायद्याने मानसिक आजाराचा समावेश दिव्यांगत्वात केला आणि शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना मिळून दिला. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. हे प्रमाण ठरवताना स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबी पाहतात. यातली अडचण उघड आहे. जो औषध नियमित घेतो, अंघोळ करतो, नीट बोलतो आणि जमेल ते काम करतो, त्याचे गुण उतरतात आणि प्रमाणपत्र हातचे जाते. ज्या आधारावर तो इथवर आला तो आधार बरे झाल्याबद्दल काढून घेतला जातो. प्रमाणपत्रासाठी निघालेल्या मुलाला ‘आज दाढी करू नकोस’ असे सांगणारी आई मी पाहिली आहे आणि मी तिला दोष देत नाही. हा आजार चढउतारांचा आहे, त्यामुळे मोजमापही एका सकाळच्या भेटीवरून न करता मागच्या दोन-तीन वर्षांकडे पाहून करावे, आणि मोजणाऱ्यांनी औषधाचा व आधाराचा वाटा वजा जाता काय उरते ते पाहावे.

श्रद्धेविषयी लिहिले नाही तर नागपूरच्या संदर्भात पत्र अपुरे राहील. ज्या वेडालयाचे पुढे मनोरुग्णालय झाले, तिथेच १८९२ मध्ये सूफी संत ताजुद्दीन बाबांना ठेवले होते आणि सुमारे सोळा वर्षांनी राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यावर नेले, हे इथे पुष्कळांना ठाऊक असते. आजही विदर्भातली कितीतरी कुटुंबे आधी त्यांच्या ताजबागेतल्या दर्ग्यात जातात आणि मग डॉक्टरांकडे. माझी आईही मला नेत असे. त्याने माझे काही बिघडले नाही, कारण येताना ती दुपारची गोळी पदराला बांधून आणी. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात सेवेकऱ्यांनाच प्रशिक्षण देऊन दुवा आणि दवा एकत्र देण्याचा उपक्रम चालला आहे. आपल्याकडे तसा विचार व्हायला हरकत नाही. हरकत आहे ती साखळदंडाला. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी झोपडीवजा आश्रमाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ जण जळून मेले. आता कायद्याने कोणालाही साखळीने बांधण्यास मनाई आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याची आणखी दोन कलमे वाचकांना माहीत असावीत. रुग्णाला घरी पाठवताना पुढील उपचारांची योजना त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून तयार करणे हे कलम ९८ नुसार डॉक्टरांचे कर्तव्य आहे, तेव्हा ती लेखी मागावी. आणि कलम १९ नुसार, केवळ घरच्यांनी नाकारले किंवा राहायला जागा नाही म्हणून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. शासनाने अशांसाठी अर्धवाट गृहे (रुग्णालय आणि घर यांच्या मधले निवारे), समूह गृहे उभारायची आहेत. बरे होऊनही देशभरातल्या मनोरुग्णालयांत अडकून पडलेल्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना वारंवार विचारणा केली आहे. आपल्या राज्याने या बाबतीत नागपूरसाठी काय केले, हे एखाद्या वार्ताहराने माहिती अधिकारात विचारून छापावे. मनोरुग्णालयातून कोण पळाले याच्या बातमीपेक्षा, तिथून निघायला तयार असूनही कोण निघू शकत नाही, ही बातमी मोठी आहे.

आता उन्हाळ्याविषयी, आणि हा भाग मी सर्वांत निकडीचा मानतो. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि पंचेचाळीस अंश तर आपण दरवर्षी पाहतो. उष्माघाताच्या ज्या सूचना प्रसिद्ध होतात, त्यांत वृद्ध, लहान मुले, गर्भवती आणि उन्हात काम करणारे मजूर यांचा उल्लेख असतो. मनोविकारावरील औषधे घेणाऱ्यांचा उल्लेख क्वचितच असतो. वास्तविक यांतली अनेक औषधे शरीराची उष्णता सांभाळण्याची यंत्रणाच मंद करतात. हातापायांचा ताठरपणा जावा म्हणून सोबत दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल घाम कमी करते. क्लोरप्रोमाझिनने कातडी उन्हात लवकर भाजते. त्यात तहान लागली आहे हे न सांगणारा, वैशाखातही स्वेटर घालून बसणारा रुग्ण प्रत्येक मोहल्ल्यात एखादा असतो. २०२१ च्या जूनमध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्म्याच्या लाटेने सहाशेंहून अधिक माणसे दगावली. मृतांची माहिती तपासली असता, त्यांच्यात स्किझोफ्रेनिया असलेल्यांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणाच्या कितीतरी पट असल्याचे आढळले. तो थंड प्रदेश आहे. इथे अशी मोजदाद व्हायला हवी.

बायपोलर आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांना धोका वेगळा आहे. लिथियमची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे असते. घाम, जुलाब, उलट्या यांनी शरीरातले पाणी आणि मीठ घटले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि पातळी चढते. रक्तदाबासाठी म्हणून कुणी एकदम मीठ सोडले तरी हेच होते. डोके दुखते म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेतले तर त्यात भर पडते. मग हात जोराने थरथरतात, चाल अडखळते, जीभ बोबडी वळते, उलट्या होतात, भान हरपते. लोकांना वाटते हा दारू प्यायला, घरच्यांना वाटते आजार उलटला आणि कुणी आणखी एक गोळी देते. खरी गरज असते ती त्वरित रुग्णालयात नेऊन रक्तातील लिथियम तपासण्याची. आमच्या रुग्णांच्या गटातल्या एक ताई भर मेमध्ये लग्नाच्या वरातीत अशा पडल्या होत्या. त्यांच्यासोबत आलेल्या चुलतभावाला ही लक्षणे माहीत होती म्हणून त्या वाचल्या. महापालिकेच्या उष्माघात आराखड्यात या रुग्णांचा स्पष्ट उल्लेख असावा, आशाताईंनी मार्चअखेर अशा घरी एकदा जावे, बाह्यरुग्ण विभागांनी उन्हाळ्यापूर्वी लिथियमची तपासणी करून घ्यावी आणि उन्हाळ्यात दुपारच्या रांगेत कुणालाही उभे करू नये. एक मात्र बजावून सांगतो, हे वाचून कुणीही आपल्या मनाने गोळी कमी किंवा बंद करू नये. पाणी, मीठ, सावली आणि डॉक्टरांचा सल्ला यांनी हे सांभाळता येते.

उन्हाळाच काय, बाराही महिने या माणसांच्या शरीराकडे दुर्लक्ष होते. गंभीर मानसिक आजार असलेले लोक इतरांपेक्षा १० ते २० वर्षे लवकर मरतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा वाटा मोठा असतो. आमच्या औषधांनी वजन आणि साखर वाढते. तरीही छातीत दुखते म्हणून गेलेल्या रुग्णाची चिठ्ठी पाहून ‘तुमच्या मनाचे आहे’ असे सांगणारे डॉक्टर अजून भेटतात.

शेवटी आपल्या दैनिकाला दोन विनंत्या. रुग्णालयात उपचार घेत असलेल्या मनोरुग्णाचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २४ नुसार बंदी आहे, तेव्हा तशी छायाचित्रे कुणी पुरवली तरी ती घेऊ नयेत. आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक, जो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि जिथे मराठीतून विनामूल्य बोलता येते, तो हवामानाच्या चौकटीखाली कायमचा छापावा. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला आहे, तेव्हा औषधे घेणाऱ्यांसाठी उष्म्याची सूचनाही त्याच चौकटीत लगेच देता येईल.

माझे नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे. तो प्रसिद्ध करू नये. भाचीच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत आणि पाहुणे वर्तमानपत्र वाचतात.

आपला नम्र,
एक वाचक, इतवारी, नागपूर